सातारच्या वकिलाच्या वाटेने लंडन

दरवर्षी उसाचे गाळप आटोपून बिलाची रक्कम खात्यावर जमा झाली आणि शाळांच्या परीक्षा दृष्टिपथात आल्या, की सातारच्या राजपथावर आणि सांगलीच्या गणपती पेठेत विलायतेच्या सफरीच्या गोष्टी सुरू होतात. आणि मग कुणी निवृत्त मुख्याध्यापक, कुणी बागाईतदार, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेली आई, अशा नाना मंडळींकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत माझ्यापर्यंत येतो. लंडन पाहायचे आहे, परंतु सहलवाले दाखवतात ते घड्याळ, तो पूल, तो राजवाडा आणि ते भले मोठे चक्र एवढेच पाहून परतायचे नाही. तर वाटेबाहेरचे लंडन पाहावे कसे, कोणत्या कागदांनिशी जावे, आणि काही बिनसले तर दाद कुणाकडे मागावी?

या प्रश्नाला स्थळांच्या यादीने उत्तर देणे मला प्रशस्त वाटत नाही. ‘अपरिचित लंडन’ म्हणून ज्या जागा सुचवल्या जातात, त्यांच्याही दारात आता रांगा लागतात. ज्या शहराशी आपल्या मुलखाचा जवळजवळ दोन शतकांचा फिर्यादीचा, विद्येचा आणि वैराचा संबंध आहे, तेथे परक्याच्या यादीपेक्षा आपल्याच दप्तरातला एखादा धागा हाती धरून चालणे अधिक फलदायी ठरते, असा माझा अनुभव आहे.

आधी धागा निवडा

सातारकरांसाठी हा धागा तयारच आहे. १८१९ च्या तहान्वये इंग्रजांनी ज्या प्रतापसिंह महाराजांना सातारच्या गादीवर मान्यता दिली, त्यांनाच १८३९ साली कटाचा आरोप ठेवून पदच्युत केले आणि काशीस धाडले; महाराजांची कैफियत घेऊन त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोचले आणि सुमारे चौदा वर्षे तेथेच ठाण मांडून बसले. मधल्या काळात, १८४७ मध्ये, महाराज काशीस निवर्तले आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. ज्याची फिर्याद तो धनी गेला, ज्यासाठी फिर्याद ते राज्य गेले, तरी वकिलाने मुक्काम हलवला नाही. अर्जांमागून अर्ज, ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभांत प्रश्न, जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज टॉम्पसन यांच्यासारख्या सहानुभूतिदारांकरवी केलेली भाषणे, असा तो सारा खटाटोप अखेर निष्फळ ठरला.

सांगलीकरांनी मात्र १९३० चा धागा धरावा. पहिल्या गोलमेज परिषदेस संस्थानिकांच्या प्रतिनिधींत सांगलीचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन होते. आणि त्याच परिषदेत अस्पृश्य वर्गाची बाजू मांडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सातारच्या शाळेत शिकलेले विद्यार्थी होते. परिषदेच्या बैठका झाल्या तो सेंट जेम्सचा राजवाडा आतून सहसा पाहता येत नाही, बाहेरून दिसतो. त्यासाठी अर्धा तास पुरे.

निघण्यापूर्वी एक काम घराजवळच करावे: औंधच्या श्रीभवानी संग्रहालयास भेट द्यावी. तेथे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे शिल्प आहे. विलायतेतील कलादालनांत त्याच्या कृती पाहताना, यातली एक आपल्या खटाव तालुक्यात आहे, या जाणिवेने माणूस जरा ताठ उभा राहतो.

व्हिसा: कागद आधी, तिकीट नंतर

सर्वांत अधिक घोटाळा येथेच होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ‘युरोपचा व्हिसा’ म्हणून जो शेंगेन व्हिसा मिळतो, त्यावर पॅरिस, रोम वा फ्लॉरेन्सला जाता येते; लंडनला नाही. ब्रिटन त्या व्यवस्थेत कधीच नव्हते. सहलीच्या पत्रकात दोन्हींचा समावेश असेल, तर व्हिसे दोन, शुल्के दोन आणि बोटांचे ठसेही दोनदा. ब्रिटनचा साधा पर्यटक व्हिसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी असतो. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. ठसे देण्याचे केंद्र पुण्यात आहे. आणि निर्णयास सामान्यतः तीन आठवडे लागतात.

आपल्याकडील अर्जदारांनी विशेषतः पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात:

- सातबारा, आठ-अ, कारखान्याचे ऊसबिल, दूध संघाचा हिशोब हे उत्पन्नाचे उत्तम पुरावे आहेत. परंतु ते मराठीत असल्याने प्रमाणित इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. त्यावर अनुवाद अचूक असल्याचा निर्वाळा, तारीख, अनुवादकाचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. नुसता मराठी कागद जोडणे हे न जोडण्यासारखेच.
- अर्जाच्या आधल्या आठवड्यात भावाकडून वा व्याह्याकडून आणून भरलेली मोठी रक्कम शंकेला कारण होते. सहा महिन्यांचा खातेउतारा सरळ वाहणारा असावा. आणि एखादी रक्कम खरोखरच जमीनविक्रीची वा ठेव मोडल्याची असेल, तर तिचा दाखला सोबत द्यावा.
- नोकरदारांनी रजामंजुरीचे पत्र, निवृत्तांनी पेन्शनचा कागद जोडावा. आपण परत येणार आहात, हे अधिकाऱ्यास पटणे हाच साऱ्या दप्तराचा हेतू असतो.
- मुलाचे वा लेकीचे आमंत्रणपत्र उपयोगी पडते. ती जामीनकी नव्हे.

मध्यस्थाने भरलेल्या अर्जातील प्रत्येक शब्दाची जबाबदारी आपलीच असते. ‘हमखास व्हिसा’ असे सांगून कुणी खोटा नोकरीचा दाखला जोडील आणि तो उघडकीस येईल, तर दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. मध्यस्थ तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत असतो. पर्यटक व्हिसा नाकारला गेल्यास अपील नाही आणि शुल्कही परत मिळत नाही. नकाराची कारणे वाचून, उणीव भरून, नवा अर्ज करणे एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत परत न होणारे तिकीट काढू नये.

लीडनहॉल स्ट्रीट

रंगो बापूजींनी ज्या इमारतीचे उंबरठे झिजवले, ते ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्यालय लीडनहॉल स्ट्रीटवर होते. कंपनीचे राज्य गेले आणि १८६० नंतर लवकरच ती इमारतही जमीनदोस्त झाली. आज त्या जागी लॉइड्स या विमाबाजाराची, नळ आणि जिने अंगाबाहेर काढून बसलेली, पोलादी इमारत उभी आहे. तिच्या पायथ्याशी लीडनहॉलची छप्पर घातलेली जुनी मंडई आहे. बँक नावाच्या स्थानकावर उतरावे, कॉर्नहिलने पूर्वेस चालावे, दहा मिनिटांत आपण तेथे असाल.

पाहण्यासारखे काय, असे विचाराल तर खरे म्हणजे काहीच नाही. सातारच्या वकिलाची तेथे खूण नाही. परंतु सकाळी नऊच्या सुमारास, काळ्या कोटांतील माणसांचा लोंढा आपल्या दोन्ही बाजूंनी वाहत असताना त्या कोपऱ्यावर पाच मिनिटे स्वस्थ उभे राहिले, म्हणजे हाती अर्जांची गुंडाळी घेऊन चौदा वर्षे या गर्दीत वावरलेल्या त्या एकट्या माणसाची कल्पना येते. मी पहिल्यांदा गेलो तो रविवारी, आणि सबंध पेठ स्मशानासारखी सामसूम पाहून खट्टू होऊन परतलो. हा भाग कचेऱ्यांचा आहे; कामाच्या दिवशीच जावे. लॉइड्सच्या आत एरवी प्रवेश नसतो. मात्र दर सप्टेंबरात ‘ओपन हाउस’ नावाच्या उत्सवात लंडनमधील एरवी बंद असणाऱ्या कित्येक इमारती लोकांना विनामूल्य पाहू देतात. प्रवासाचा महिना आपल्या हाती असेल, तर त्या तारखा पाहून घ्याव्यात.

एका कालव्याच्या काठाने

मला एकच दिवस मिळाला तर मी तो या वाटेवर घालवीन. १८२० साली पूर्ण झालेला रीजंट्स कालवा उत्तर लंडनमधून वाहतो आणि त्याच्या काठाने, पूर्वी घोडे दोर लावून पडाव ओढीत नेत ती, सपाट पायवाट आहे. किंग्ज क्रॉसपासून लिट्ल व्हेनिसपर्यंतचे अंतर साधारण सहा किलोमीटर, म्हणजे रोज पहाटे कृष्णाकाठी फिरणाऱ्या सांगलीकराला सहज झेपणारे. रहदारीचा गोंगाट डोक्यावरच्या पुलांवर राहतो. खाली बदके, नांगरलेल्या लांबट नावा, त्यांच्या टपांवर फुलझाडांच्या कुंड्या. तिकीट नाही, रांग नाही. सायकलस्वारांपासून तेवढे सावध राहावे. घंटी ऐकू येताच भिंतीकडे सरकावे.

वाटेचे पहिले टोक ब्रिटिश लायब्ररीजवळ आहे. कंपनीच्या आणि पुढे इंडिया ऑफिसच्या कारभाराचे अफाट दप्तर याच इमारतीत आहे आणि त्यात सातारच्या प्रकरणाचेही कागद आहेत. ते पाहण्यास आपण प्राध्यापक वा संशोधक असण्याची अट नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वाचकपत्र विनामूल्य मिळते. त्यासाठी आधी नोंदणी करावी आणि सहीचा एक व पत्त्याचा एक असे दोन अस्सल पुरावे बरोबर न्यावेत. पत्त्याचा पुरावा म्हणून काय चालेल, हे निघण्यापूर्वी त्यांना विचारून घ्यावे, नाहीतर आपला कागद मराठीत निघायचा. वाचनकक्षात शाईचे पेन चालत नाही, शिसपेन्सिल न्यावी. २०२३ च्या ऑक्टोबरात संस्थेच्या संगणकव्यवस्थेवर हल्ला होऊन तिच्या सूची आणि मागणीची व्यवस्था फार विस्कळीत झाली होती. तेव्हा कोणते दप्तर पाहायचे ते आधीच कळवून, ते मिळेल याची खात्री झाल्यावरच तो दिवस ठरवावा. एवढी खटपट नको असेल, तर खालच्या मजल्यावरील दुर्मीळ ग्रंथांचे दालन वाचकपत्राशिवाय सर्वांना खुले आहे. दुपारच्या जेवणासाठी जवळच ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भोजनगृहे आहेत.

ग्रॅनरी चौकातून पायऱ्या उतरून कालव्याला लागावे आणि पश्चिमेस निघावे. कॅम्डनच्या पाणदरवाजांपाशी बाजाराची गर्दी लागते. तेथे रेंगाळू नये, वर चढून चॉक फार्म स्थानकाशी यावे आणि रेल्वेवरचा पूल ओलांडावा. पलीकडेच किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचे घर आहे, जेथे १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले आणि आता ते स्मारक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या ज्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले, ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते: म्हणजे ज्या राजासाठी रंगो बापूजी या शहरात झिजले, त्याच राजाचे नाव ल्यालेली शाळा. या योगायोगावर मी अधिक भाष्य करीत नाही. त्या घराच्या पायरीवर उभे राहिल्यावर ते आपले आपणच सुचते. भेटीच्या वेळा बदलतात, त्या आधी पाहून घ्याव्यात. आणि हा शांत, राहता मोहल्ला आहे, घोषणा देण्याची जागा नव्हे, याचे भान ठेवावे.

शेजारच्या प्रिमरोझ टेकडीवर चढावे. अजिंक्यताऱ्यावर नित्य चढणाऱ्याला तिला टेकडी म्हणवणार नाही, परंतु सबंध लंडन तेथून एका नजरेत येते. खाली उतरून पुन्हा कालवा धरला, की प्राणिसंग्रहालयातून आणि रीजंट्स पार्कच्या कडेने वाट जाते. पुढे कालवा बोगद्यात शिरतो आणि पायवाट तुटते. तेवढा टप्पा वरच्या रस्त्याने चालून पुन्हा पाणी गाठावे. लिट्ल व्हेनिसच्या त्या रुंद डोहाजवळच हौली प्लेस नावाची आळी आहे आणि तिच्यातील दहा क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची, १९६१ साली बसवलेली, पाटी आहे. इंग्रज पत्रकार चिरोल याच्यावरील अब्रूनुकसानीच्या दाव्यासाठी लोकमान्य १९१८-१९ मध्ये येथे राहिले आणि तो दावा हरले. लंडनच्या दारात न्याय मागण्यास आलेला हा दुसरा मराठी फिर्यादी. घर खासगी आहे. पाटी रस्त्यावरून पाहावी, छायाचित्र घ्यावे, दारावरची घंटा वाजवू नये. परतीसाठी वॉरिक ॲव्हेन्यू स्थानक जवळ आहे.

जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे ही वाट सावकाश होते. डिसेंबरात चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, तेव्हा सकाळीच निघावे.

दोन इंडिया हाउसांचा घोळ

सावरकरांचे इंडिया हाउस पाहायला म्हणून निघालेले लोक ऑल्डविचच्या भारतीय उच्चायोगाच्या भव्य इमारतीसमोर उभे राहतात आणि चकित होतात. नाव एकच, स्थळे दोन. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ साली उघडलेले वसतिगृह हायगेटमध्ये ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथे होते. तेथे आता खासगी घर आणि सावरकरांच्या नावाची पाटी आहे. १८५७ वरील आपला ग्रंथ सावरकरांनी लंडनमधील त्याच वर्षांत सिद्ध केला आणि त्यात रंगो बापूजींनाही स्थान दिले. आर्चवे स्थानकापासून चढण आहे. गुडघे कुरकुरत असतील तर बस घ्यावी. ऑल्डविचचे इंडिया हाउस १९३० चे. पासपोर्ट हरवला तर मात्र त्या उच्चायोगाशीच संपर्क साधावा लागतो.

वाघनखांविषयीही वारंवार विचारणा होते. सातारचा पहिला इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास मिळालेली ती वाघनखे २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्यातच मांडली गेली. करार चालू आहे तोवर ती पाहण्यासाठी लंडनला जाणे म्हणजे काखेत कळसा. ती शिवाजी महाराजांचीच, असे ते संग्रहालय स्वतः ठामपणे म्हणत नाही, हेही सांगून ठेवतो. संग्रहालयास प्रवेशमूल्य नाही, म्हणून इतर गोष्टींसाठी अवश्य जावे.

मराठी माणसांच्या सहवासाची ओढ लागली, तर १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे. कार्यक्रम असेल तेव्हाच जाग असते. तारीख विचारून जावे.

आणि ज्यांचा व्हिसा शेंगेनचाच आहे, त्यांनी हिरमुसू नये. फ्लॉरेन्सच्या कॅशिने उद्यानाच्या पार टोकाला, जेथे मुन्योने नदी आर्नोला मिळते, तेथे कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. विलायतेहून परतताना १८७० साली ते त्या शहरी निवर्तले आणि संगमावर त्यांचे दहन झाले. सहलीच्या बसगाड्या तेथे थांबत नाहीत, तेव्हा अर्धा दिवस मागून घ्यावा.

पैसा, बस आणि पिशवी

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोकड घेत नाहीत. बँकेचे कार्ड टेकवून प्रवास होतो. प्रत्येकाचे कार्ड मात्र वेगळे हवे. बसमध्ये चढताना एकदाच टेकवावे, भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा. बाहेर पडताना विसरलात तर जादा रक्कम कापली जाते. आपल्या कार्डांवर परदेशी वापर मुळात बंद असतो, तो निघण्यापूर्वी बँकेतून सुरू करून घ्यावा. सहल-कंपनी टीसीएस या करापोटी जी रक्कम घेते ती तिचा नफा नव्हे. आयकराच्या विवरणपत्रात ती वळती करून घेता येते, म्हणून पावती जपावी.

भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मज्जाव आहे. तात्पर्य, कंदी पेढे आणि साजूक तूप विमानतळावर कचऱ्यात जाण्याची शक्यता फार. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, भडंग यांना सहसा अडचण येत नाही.

आपले हक्क

- लंडनहून मुंबईस परतणारे विमान, कंपनी कोणत्याही देशाची असो, कंपनीच्या दोषाने चार तासांहून अधिक उशिरा पोचले, तर तेथील कायद्याने माणशी ५२० पौंड भरपाई मागता येते. तीन ते चार तासांच्या उशिरास निम्मी. वादळ वा तत्सम कारण असेल तर भरपाई नाही, परंतु ताटकळत ठेवलेल्यांचे जेवण आणि रात्रीचा निवारा कंपनीकडेच लागतो.
- सामान फुटले असेल तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाले तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी. विमानतळ सोडण्यापूर्वीच तेथील नोंदीचा कागद घ्यावा.
- प्राणावर बेतले तर ९९९. तातडीच्या कक्षातील प्रथमोपचाराचे पैसे घेत नाहीत, पण रुग्णालयात दाखल केले की परदेशी पाहुण्यास दीडपट दराने बिल येते. प्रवासविमा सक्तीचा नाही, तरी त्याशिवाय ज्येष्ठांनी पाऊल टाकू नये.
- सहल-कंपनीने कबूल केलेले हॉटेल वा दर्शन दिले नाही, तर पुण्यामुंबईस हेलपाटे घालण्याचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे सातारा वा सांगलीतच, दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. छापील पत्रक, पावत्या आणि निरोपांची देवघेव एवढे जपून ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५.

शेवटी एक विनंती. आपल्यांत अद्याप मोडी वाचू शकणारे कित्येक ज्येष्ठ आहेत. त्यांपैकी कुणी लेकाकडे महिना-दोन महिने राहायला जाणार असतील, तर त्यांनी वाचकपत्र काढून सातारच्या प्रकरणाचे एखादे तरी बाड उघडून पाहावे, शिसपेन्सिलीने टिपणे घ्यावीत, आणि परतल्यावर त्या टिपणवहीची एक प्रत आपल्या गावच्या वाचनालयात नेऊन द्यावी.